जंगलाबाहेर काढलेल्या चपला

"चप्पल उतारिए, बहूजी. अंदर बुज़ुर्ग हैं."

बख्शी का तालाब या गावाच्या पुढे ते जुनं जंगल सुरू झालं की ते आधी स्वतःचे बूट काढायचे, नाड्या एकमेकींत बांधून खांद्यावर टाकायचे आणि मग माझ्या पायांकडे बघायचे. जंगलखात्याचे चौकीदार. सुटीच्या दिवशी शहरात, महानगर कॉलनीतल्या आमच्या बागेचं काम बघायचे. त्यांनी पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा मी पदर डोक्यावर घेतला. म्हटलं, आत कुणी म्हातारे बसले असतील, वर्ध्याच्या सुनेला नावं ठेवतील. म्हातारे म्हणजे मोह, जांभूळ आणि मधला तो अर्जुन, तिघांनी हात धरले तरी कवेत न येणारा. पदर डोक्यावर राहिला, डोक्यात काही शिरलं नाही.

अर्जुनाच्या एका अंगाला देवीचं थान होतं, नवसाचे मातीचे हत्ती मांडलेलं. दुसऱ्या अंगाला एक मजार, पिराची कबर. चौकीदार दोन्ही जागा एकाच झाडूने झाडायचे. कुणी हटकलं तर म्हणायचे, "पत्ते तो एक ही पेड़ के हैं, साहब."

आता माझी हुशारी ऐका. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. चैत्रात बायकांना घेऊन थानावर हळदीकुंकवाला गेले आणि माझी नवी नारायणपेठ करवंदीच्या जाळीत टरकन फाटली. दुसरी कुणी रफू करून घेतली असती. मी अर्ज केला. इंग्रजीत, टाईप करून, की भाविकांच्या सोयीसाठी थानापर्यंत पक्का रस्ता हवा. स्थानिक माणसाची सही असली की वजन पडतं, असं मला कुठूनसं कळलं होतं. चौकीदार बागेत पाणी घालत होते, त्यांच्यापुढे कागद धरला.

"इसमें का लिखा है, बहूजी?"

"आपके भले का है, भैया."

त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला आणि उमटवला. वाचून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. पण माझी फोडणी जळत होती.

रस्ता काही झाला नाही. साडी मोलकरणीला गेली, अर्ज मी विसरले. वीसेक वर्षांनी कुणाला तरी थानाचा विकास करावासा वाटला आणि तो अर्ज सरकारी कपाटातून उठून बसला. चौकीदार तोवर रिटायर झालेले. करवत आली तसे ते अर्जुनाला टेकून बसले. ठेकेदाराने त्यांच्यासमोर झेरॉक्स धरली. "चचा, माँग तो आप ही की थी. ई देखो अँगूठा."

हे कळलं तशी नातीला गाडी काढायला लावून मी तिथे गेले. अधिकाऱ्याला म्हटलं, अर्ज माझा, मी मागे घेते. तो गोड हसला. "माताजी, अब तो पास हो गया." साडी फाटल्याचा कागद हे लोक वीस वर्षं जपतात आणि पिढ्यान् पिढ्यांचं झाड एका दुपारी आडवं करतात. मी फार बोलले त्याला. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं.

मग मी चौकीदारांपाशी गेले. "भैया, गलती हमारी थी. आपकी नहीं."

"अँगूठा तो हमारा ही था, बहूजी."

एवढंच. ते उठले. खांद्यावरचे बूट काढले, नाड्या सोडवल्या आणि तिथेच, जंगलाच्या आत, पायांत घातले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. चालत बाहेर गेले. बागेत पुन्हा आले नाहीत.

यंदा होळीच्या आधी ते वारले. मला कळलं ऐन उन्हाळ्यात, जेठात. मला सांगायला कोण येणार होतं?

नातीला घेऊन तिथे गेले. अर्जुनाच्या जागी पार्किंग आहे. झाडं तोडलीत आणि सिमेंटच्या कठड्याला सालीचा रंग देऊन खोटी खोडं उभी केलीत, गाठींसकट. कचराकुंडीसुद्धा बुंध्याच्या आकाराची. वर पाटी, 'प्रकृति की गोद में आपका स्वागत है'. ज्याने हा रंग निवडला त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय मला, बाबा रे, लाज कुठल्या रंगाची असते?

मी डांबरावर चपला काढल्या.

पार्किंगवाला ओरडला, "अम्मा, मंदिर आगे है. चप्पल उधर उतारना."

"आजी, चलो ना," नात म्हणाली. "पैर जल रहे होंगे."

"जळतायत," मी म्हटलं आणि चपला हातातच धरल्या.