शकुताईंनी खोडलेला 'प्रत्येक'

शकुताई गेल्या तेव्हा आम्ही नांदेडात पत्रकांच्या घड्या घालत होतो. उदगीरहून आलेला त्यांचा भाऊ दारातच म्हणाला, "ताई गेली. कॉलेजातच… छातीत कळ आली, बसली ती उठलीच न्हाई." महिना होत आला. माझ्या सहकाऱ्यांना 'चळवळीचा आधार हरपला' असं छापायचं होतं. मी नको म्हणालो. ताईंनी आम्हाला आधार दिला तसं अडवलंही, आणि ते मी ऐकलं नाही. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं खोटं.

त्या उदगीरच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराच्या दुष्काळात बाजारातली तूरडाळ संशय यावा इतकी पिवळीधमक होती. आम्ही पुडी घेऊन गेलो. ताईंनी डाळ कोमट पाण्यात हलवली, आम्लाचे चार थेंब सोडले आणि पाणी गुलाबी झालं. "कापडाचा रंग हाय," त्या म्हणाल्या. मी पेटलो. त्यांच्याच टेबलावर पत्रक लिहिलं. शेवटचं वाक्य : अन्नपाण्यात मिसळलेलं प्रत्येक रसायन विषच! ताईंनी 'प्रत्येक'वर काट मारली. "काय पुढारी, मीठ बी रसायनच हाय की. कोणतं, कशात, किती, ते लिही."

"पत्रकात एवढं मावत नसतं, ताई."

"मग कागद मोठा घे."

मी कागद मोठा घेतला नाही आणि शब्दही तसाच छापला. लोकांना 'किती' वाचायला सवड नसते, असं मला वाटायचं… माज होता तो.

उन्हाळ्यात ताईंच्या गावी, बौद्ध वस्तीच्या विहिरीत टँकर ओतायला लागले. आरोग्य खात्याचा माणूस ब्लीचिंग पावडर घेऊन आला, तर बायांनी माझं पत्रक दाखवून त्याला परत पाठवलं. ते वास मारणारं औषध त्यांना आधीच नको होतं. मी छापील कारण पुरवलं. आठवड्यात घरोघर हगवण-उलट्या. ताईंची चार वर्षांची भाची दवाखान्यात, सलाईनवर.

ताईंनी मला बोलावून घेतलं. वाटलं, शिव्या बसणार. त्यांनी हातात बादली दिली. पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ विहिरीत सोडायचं. सगळं माझ्याकडून करून घेतलं. मग जमलेल्या बायांसमोर म्हणाल्या, "आता बोल. भाषण न्हाई. चुकलो म्हण."

म्हणालो. तेवढ्यात एका म्हातारीनं विचारलं, "मग डाळीचा रंग बी खायचा का आता?"

एका खोट्या शब्दापायी माझं खरंही गेलं होतं. ताईच पुढे झाल्या. "तो न्हाई खायचा, मावशे. ह्यानं पाण्यातले जंतू मरतात. त्यानं नुसती दुकानदाराची डाळ सजती."

भाची वाचली. व्यापारी अजून म्हणतात, एवढ्याशा रंगानं कुणी मरत नाही. आमच्यातले कैक म्हणतात, सगळंच विष. तपासायचं दोघांनाही नसतं. तपासणारी बाई गेली…

परवा त्यांच्या गावच्या घरी गेलो. त्यांच्या भावजयीनं, त्या भाचीच्या आईनं, विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. ओठाला लावला आणि थांबलो. तिनं ते पाहिलं.

"वास येतोय न्हवं?"

"येतोय."

"मग पी की."