विजापूरच्या वॉर्डातली हिरवी काकणं

सोलापूरच्या भवानी पेठेत राहून मी परराज्यात नोकरी करते म्हटलं, की लोकांना विमानाचा आवाज ऐकू येतो. प्रत्यक्षात असते विजापूरची एसटी. आमच्या इथल्या हॉस्पिटलनं तिकडे शाखा काढली, माझी नर्सिंगची नोंदणी कर्नाटकातही झाली आणि आठवड्यातले काही दिवस मी तिकडची सिस्टर झाले.

पहिल्याच आठवड्यात खुब्याचं ऑपरेशन झालेली एक अज्जी वाट्याला आली. डॉक्टर म्हणाले, "आज चालवाच. पडून राहिल्या तर छातीत कफ धरेल."

मी प्रवासात पाठ केलेलं कानडी बाहेर काढलं. "एळ्री अज्जी, एळ्री!" उठा, उठा!

"वल्ले," म्हणजे नाही, असं म्हणून अज्जीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग मी वॉकर घेऊन स्वतःच लंगडत, कण्हत वॉर्डभर फिरून दाखवलं. शेजारच्या कॉटवरून टाळ्या पडल्या. अज्जी हसली, पण चादरीतले हात काही बाहेर काढेना.

"म्हातारा भायेर बसलाय," ती अखेर चक्क मराठीत म्हणाली. "असल्या हातानं कशी जाऊ त्याच्यापुढं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑपरेशनच्या आधी तिची काकणं उतरवली होती. सोलापुरात अशा वेळी आम्ही बायकांच्या मनगटाला आठवणीनं दोरा बांधतो. इथं मी कानडीच्या घोकंपट्टीत तेच विसरले होते!

"मराठी येतं तर आधी सांगायचं की, अज्जी!"

"तुजं कानडी ऐकत हुते. लई मजा वाटत हुती."

एका हाताला सलाइनची सुई तशीच होती, त्यामुळे काचेची काकणं भरता येईनात. ऑपरेशन थिएटरच्या धुतलेल्या हिरव्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या, पिळल्या आणि तिच्या दोन्ही हातांत सैलसर बांधल्या.

अज्जीनं हात हलवून बघितले. "वाजत न्हाईत."

"तुम्ही चाला, मी वाजवते," म्हणत मी स्टीलच्या ट्रेवर चमच्यानं ताल धरला.

छन् छन्! एक पाऊल, मग दुसरं. वॉकर दारापाशी पोचला तसा म्हातारा धडपडत उठला. बायकोच्या पायांकडे त्यानं बघितलंच नाही. हातांकडे बघून त्यानं कानडीत विचारलं, "नवी भरलीस?" एवढं कानडी मला नक्की कळलं.

अज्जी लाजली आणि कुणी न सांगता आणखी पुढं निघाली.