जीपची काच आडवी केली

ओल्या ताडपत्रीचा वास आला की मला पौडच्या दवाखान्यातली जुनी जीप आठवते. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट, मी तिथं नवीच नर्स होते. ड्रायव्हर सव्वासहा फूट उंच. छताची ताडपत्री डोक्याला टेकायची आणि काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांसमोर यायची, म्हणून तो कायम वाकून गाडी चालवायचा. एकदा थंडीत भल्या सकाळी अडलेली बाळंतीण घेऊन आम्ही पुण्याला निघालो. पिरंगुटच्या घाटात धुकं दाटलं, काचेवर दव जमलं. "बाई, मला निस्ती पट्टी दिसतीया, रस्ता न्हाई," म्हणत त्यानं गाडी थांबवली, छत मागं सारलं, खिट्ट्या काढून अख्खी काच बॉनेटवर आडवी केली आणि पहिल्यांदाच ताठ बसला. "आता समदं दिसतंय! घट धरा!" गार वारा तोंडावर आपटत होता. बाळंतिणीला घोंगडीत गुंडाळून मी कवेत धरलं होतं. समोर बैलगाडी दिसली की तो ओरडायचा, "सरका, बाळ यायलंय!" कळा सोसतानाही ती बाई हसली. हॉस्पिटलात पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. ऐकून तो दारातच मटकन बसला. भुवयांवर दव, डोळ्यांतून पाणी. पुढं मी तीस वर्षं नोकरी केली, पण हे काम मला मनापासून आवडतं, हे कळलं ते त्या सकाळी.