मामांची दुसरी नादारी

कर्ज बुडवून नादार कोणीही होतो. पण कोर्टाकडून रीतसर सुटका करून घेऊन त्याच उत्साहाने पुन्हा नादार व्हायला जी प्रतिभा लागते, ती अवघ्या मालवण तालुक्यात माझ्या धाकट्या मामांपाशीच होती. पहिली नादारी त्यांनी आचऱ्याला सोडा-लेमनचा कारखाना काढून मिळवली. तहान लागली की माणूस जिथे माडाकडे बघतो, तिथे गोटीची बाटली विकायची ही कल्पना सर्वस्वी त्यांची. वर्षभरात यंत्र, बाटल्या आणि मामांची सायकल लिलावात गेली आणि मामा कोर्टात अर्ज देऊन मोकळे झाले.

आण्यांचे नवे पैसे झाले त्या सुमारास सुटकेचा हुकूम आला. दुसऱ्या कुणी तो ट्रंकेच्या तळाशी दडवला असता. मामांनी काचेच्या चौकटीत घालून ओसरीवर देवांच्या तसबिरींशेजारी टांगला. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत आणि म्हणत, "माझ्यार ना जुन्या पैशाचा कर्ज, ना नव्याचा. सगळ्या मालवणात असलो दुसरो माणूस दाखव माका!" या बिनतोड युक्तिवादापुढे लोकांनी पुन्हा पैसे काढून दिले. त्यांत आचऱ्याची एक नारळवाली म्हातारीही होती. सोड्यात तिचे पैसे बुडालेच होते. आता घरावर कौलं घालायला साठवलेलेही तिने दिले.

या खेपेस मामांनी आंबोलीच्या मोटार थांब्यापाशी छत्र्या भाड्याने द्यायचं दुकान थाटलं. तिथला पाऊस पाहता धंदा चालणार यात शंकाच नव्हती, आणि चाललाही. आठवड्यात सगळ्या छत्र्या खपल्या. गिऱ्हाईक छत्री घेई, मोटारीत बसे आणि बेळगावला जाई. "जातले खंय? परतीची मोटार हंयच थांबता," असं म्हणत मामा आषाढभर रस्त्याकडे डोळे लावून बसले. भिजतच, कारण शेवटची छत्रीही त्यांनी भाड्याने दिली होती.

दुसऱ्या अर्जाच्या सुनावणीला मी बरोबर गेलो होतो. जज्जसाहेबांनी जुने कागद चाळून चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुम्ही पूर्वीही आला होतात ना?"

"होय साहेब," जुनी ओळख निघाल्याच्या आनंदात मामा शुद्ध मराठीत म्हणाले, "आपल्या आधीच्या साहेबांच्या वेळी."

सावकारांनी आरडाओरडा करून हरकती घेतल्या. शेवटी म्हातारी उठली.

"माझा काय म्हणणा नाय, सायबा. घेवक हेच्याकडे आसा काय? फकस्त हेका इचारा, ह्या पावसात माझ्या घरार काय घालू?"

अर्ज मंजूर झाला, पण हा हुकूम मामांनी ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

त्यानंतर दर वैशाखात मामा आचऱ्याला जात आणि म्हातारीचं घर माडाच्या विणलेल्या झापांनी स्वतःच्या हाताने शाकारत. हेही काम त्यांना बाकीच्या धंद्यांइतकंच जमे. पाऊस लागला की घर चार ठिकाणी गळायचं. शेजारीण म्हणे, दुसऱ्या कुणाला तरी बोलव. म्हातारी गळतीखाली टोप सरकवत म्हणायची, "रवांदे गो. त्या निमतान वरसातसून एकदा येता तो."