भुईची ओटी आणि माझी सही

उत्रोलीत गाडी दारात उभी होती, सामान वर चढलं होतं, आणि वन्सं एकदम "आलेच म्या" म्हणून घरात गेल्या त्या दहा मिनिटं बाहेर आल्याच नाहीत. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. भाताची झोडणी नुकतीच उरकली होती, ओसरीवर गोण्या रचलेल्या होत्या, आणि मी त्या गोण्यांपाशी उभी राहून हाका मारत होते. भोरच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. घंटा झाल्यावर जागेवर नसलेलं माणूस मला आजही खपत नाही. वन्सं आल्या तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचलेला होता.

"देवाला हात जोडत हुते," त्या म्हणाल्या. मी पुढं काही विचारलं नाही.

आम्ही दोघी दक्षिण जॉर्जिया नावाच्या बेटावर निघालो होतो. दक्षिण अमेरिकेचं टोक जिथं संपतं, तिथून पूर्वेला बोटीनं कित्येक दिवस जावं तेव्हा हे बेट लागतं. माणसांची वस्ती नावापुरती. बाकी सगळं राज्य पेंग्विन, सील आणि अल्बट्रॉसचं. वन्संची लेक वैशाली तिकडं जाणाऱ्या बोटीवर वाटाड्याचं काम करते. बोटीवर काम करणाऱ्यांना एका फेरीत घरची दोन माणसं नेता येतात. वन्संचे यजमान, म्हणजे भाऊजी, म्हणाले, "म्या आलो तर गोठ्याकडं कोन बघंल?" तेव्हा माझा नंबर लागला. खरं सांगायचं तर मी त्या आमंत्रणाची वाटच बघत होते.

वैशालीनं दोन महिने आधीपासून एकच गोष्ट बजावली होती. बेटावर बाहेरचं बी जाता कामा नये, मातीचा कण जाता कामा नये. पूर्वी जहाजांतून उंदीर उतरले आणि त्यांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त केली. ते उंदीर संपवायला माणसांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. आता बोटीवर बी सापडलं, तर सगळ्या बोटीचं उतरणं थांबू शकतं. मी फोनवर म्हणाले, "अगं, बीजप्रसार मी शिकवलाय. मला सांगतेस?"

समुद्रानं आमचे हाल केले. बोट डावीकडून उजवीकडं अशी कलंडायची की जेवणाच्या टेबलावरची ताटं घसरत पलीकडच्या माणसापुढं जायची. मी तीन दिवस आडवी होते. वन्संना मात्र काही झालं नाही. त्या खिडकीशी बसून बोटीमागून येणारा अल्बट्रॉस पक्षी बघत राहायच्या. "वैनी, ह्यो पंख हलवीतच न्हाई. कसा काय ऱ्हातोय वर?" त्यांची तक्रार एकच होती, बोटीवरच्या भाताची. "ह्याला वासच न्हाई. लेक रोज ह्येच खाती व्हय?"

बेट यायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे कपडे तपासायचे होते. बोटीच्या दिवाणखान्यात धूळ ओढून घेणारी यंत्रं घरघरत होती. पन्नाशी-साठीतली माणसं चिमटे घेऊन बुटांच्या खाचा टोकरत होती. या कामाची सगळी जबाबदारी वैशालीची होती. प्रत्येकाच्या कागदाखाली तिची सही.

ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामी, आईचं तुमी बघाल? तिला सगळ्यांसमोर कपडे झाडायची लाज वाटती."

"मी आहे ना," मी म्हणाले.

मी वन्संचं जाकीट झटकलं, खिसे उलटे केले, टोपी बघितली. कमरेपाशी हात घालणं बरं दिसलं नसतं. हजारो वह्यांवर न वाचता 'तपासले' लिहिलेल्या हाताला सवय असतेच. माझे स्वतःचे कपडे तर मी वरवरच झटकले होते. दोघींच्या कागदांवर मी सही केली आणि माझ्या सहीवर विसंबून वैशालीनं तिची केली.

सकाळी डेकवर आलो तर समोर बेट उभं. वेल्ह्याकडचे डोंगर मला पाठ आहेत, पण थेट समुद्रातून उठून बर्फात गेलेला डोंगर मी पहिल्यांदाच बघत होते. खाडीच्या काठाला देवमासे उकळायच्या जुन्या कारखान्याच्या गंजून लाल झालेल्या टाक्या, आणि त्यांच्यामध्ये आरामात पसरलेले सील. त्यांचं ओरडणं पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं नव्हतं.

बेटावरची तपासनीस बाई छोट्या होडीतून बोटीवर आली. ठेंगणी, केस करडे, हातात विजेरी आणि चिमटा. ती काही जणांना स्वतः तपासणार आणि मग उतरायची परवानगी देणार. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. माझ्यापुढं सहा-सात माणसं असताना वन्संनी माझा दंड धरला.

"वैनी, उतरल्यावर वाईच आडोसा मिळंल का?"

"कशाला?"

"ओटी भरायची हाय."

मला आधी कळलंच नाही. "कुणाची?"

"भुईची. माझी लेक जिथं राबती त्या भुईची ओटी भराय नगं? मोकळ्या हातानं कसं जायाचं?" त्यांनी कमरेला खोचलेल्या कप्प्यांच्या पिशवीवर हात ठेवला. "चंचीत हाय समदं. मूठभर आंबेमोहर, हळकुंड, आन् नव्या भाताचं पाच दानं."

"सालासकट?"

"मग? ओटीला नवं पीक नगं व्हय?"

दहा पावलांवर वैशाली कागदांची चळत घेऊन उभी होती. वर माझी सही, खाली तिची. मी सांगितलं तर तिची मान खाली. नाही सांगितलं आणि त्या बाईला सापडलं, तर त्याहून वाईट. आणि सापडलं नाही तर? तर माझ्या डोळ्यांदेखत वन्सं त्या स्वच्छ जमिनीवर उत्रोलीचं भात आणि त्याबरोबर देव जाणे कसलं कसलं तण टाकणार होत्या.

तेव्हा मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटते. मी कुजबुजले, "गप्प राहा. कमरेला हात लावू नका. नंतर खोलीत जाऊन काढू."

वन्संनी माझा दंड सोडला. रांग सरकली. माझा नंबर आला.

तपासनीस बाईनं माझे बूट बघितले, बाह्या बघितल्या. मग खाली बसून तिनं माझ्या पँटीच्या पायाची चिकटपट्टी सोडली, विजेरी धरली आणि चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं. तिच्या तळहातावर एक कुसळ होतं. तांबूस, टोकदार, शेपटी पिळलेली. मी ते लगेच ओळखलं. चालायचा सराव म्हणून निघायच्या आधी तीन रविवार मी हीच पँट घालून वेल्ह्याच्या गवतातून फिरले होते. फळ्यावर मी दरवर्षी याच कुसळाचं चित्र काढत असे: ओल लागली की पीळ सुटतो आणि बी जमिनीत शिरतं.

"हे कुठलं?" बाईनं विचारलं.

मी वैशालीच्या हातातल्या कागदांकडं बघितलं. मागं रांगेत चुळबुळ सुरू झाली. वैशालीचा चेहरा पांढरा पडला होता.

तेवढ्यात वन्सं पुढं आल्या. सगळ्यांसमोर जाकीट वर करून त्यांनी चंची ओढून काढली आणि बाईच्या हातावर ठेवली.

"ह्ये बी घ्या," त्या म्हणाल्या. "वैनींचं येक घावलं, माझं मूठभर हाय. लपवून न्हाई न्यायचं मला."

बाईला शब्द कळले नाहीत, पण चंची उघडल्यावर सगळं कळलं. तिनं वैशालीकडं बघितलं. वैशाली पुढं झाली आणि इंग्रजीत स्पष्ट म्हणाली, "या माझ्या आई. या माझ्या मामी. दोघींच्या कागदावर माझी सही आहे. चूक माझी आहे."

ती चूक माझी होती. तसं मी सांगितलंही, पण सही खाली तिची होती.

सगळ्या बोटीची तपासणी पुन्हा झाली. दुपार उलटून गेली, वारा चढला आणि त्या दिवशीचं उतरणं रद्द झालं. जेवताना आमच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. बोटीच्या प्रमुखानं वैशालीला बोलावून घेतलं. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. उरलेल्या हंगामात तपासणीच्या कागदावर तिची सही चालणार नव्हती.

भाताचे पाच दाणे, हळकुंड आणि माझं कुसळ तपासनीस बाईनं जाळायला नेलं. तांदळाबद्दल ती म्हणाली, "हा खायचा जिन्नस आहे. बोटीवर शिजवा, उतरवू नका." मग वन्सं मुदपाकखान्यात गेल्या आणि तिथल्या आचाऱ्याला खुणेनंच बाजूला करून त्यांनी मूठभर आंबेमोहर शिजवला. झाकण काढलं तसा वास बाहेरच्या बोळापर्यंत आला. वाटीभर भात झाला असेल. वैशालीनं तो उभ्या उभ्याच खाल्ला, आणि खाता खाता रडली. वन्सं तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. मी दारात उभी होते, आत जायची मला छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका खाडीत उतरायची परवानगी मिळाली. वन्सं हटून बसल्या. "माझ्यापायी लेकीची सही गेली. म्या न्हाई उतरायची."

वैशाली म्हणाली, "आई, उठ. हात वर कर." आणि तिनं आईला स्वतः तपासलं. केसांपासून, बांगड्यांच्या फटींपासून, कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत. वन्सं लहान मुलीसारख्या हात पसरून उभ्या होत्या. मग तिनं मलाही तसंच तपासलं.

किनाऱ्यावर पाऊल ठेवलं आणि नजर पोचेल तिथवर राजपेंग्विन. हजारो गळे एकदम वाजत होते, वास नाकात झोंबत होता, तपकिरी लोकर पांघरल्यासारखी थोराड पिल्लं आईबापांना हाका मारत फिरत होती. एवढ्या गलक्यात प्रत्येक पिल्लाची हाक त्याच्या आईला नेमकी कळते, असं वैशाली सांगत होती. वन्संनी वाकून जमिनीला हात लावला नाही. लावायचा नाही हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी नुसते रिकामे हात जोडले. एक पेंग्विन त्यांच्यापुढून ऐटीत निघून गेला.

"लई गुणाची भुई हाय," त्या म्हणाल्या.

परतीचा प्रवास मी गप्प गप्पच केला. गावाजवळचा किकवीचा फाटा दिसला तेव्हा वन्सं म्हणाल्या, "वैनी, आता बोला की. माझ्यावर राग हाय का?" राग माझा माझ्यावर होता. तीस वर्षांत किती वह्यांवर मी असंच 'तपासले' लिहिलं असेल, हे आठवून मला झोप लागत नव्हती.

हंगाम संपवून वैशाली घरी आली, पावसाळाभर राहिली आणि पुन्हा निघायची वेळ झाली. निघायच्या सकाळी तिनं मला उत्रोलीला बोलावून घेतलं. ओसरीवर तिची बॅग उघडी होती, आणि शेजारी तपासणीचा एक कागद.

"मामी, माझं सामान तुमी तपासा," ती म्हणाली. "आन् सही करा."

मी तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती. मग मी चष्मा लावला, सुई घेतली, वन्संनी विजेरी धरली. प्रत्येक शिवण, प्रत्येक खिसा, मोज्यांची बोटंसुद्धा. दोन तास लागले. गाडी दारात खोळंबली होती आणि या वेळी मला घाई नव्हती.

पेन उचललं तरी हात पुढं जाईना. ते बघून वन्संनी कमरेची नवी चंची सोडली आणि माझ्यापुढं तिचा एकेक कप्पा उलटा केला. सगळे रिकामे होते.

"करा सही," त्या म्हणाल्या. "ह्या बारीला द्यायचं त्ये समदं सकाळीच तिच्या ताटात वाढलंय."

मी सही केली.