गॅलरीतून, के. पी.

केझाया प्रुएट वॉलवर्थमध्ये बायकांच्या कंबर आवळायच्या कॉर्सेट शिवायची आणि शनिवारी संध्याकाळी सुई खोचून ठेवून पेलिकन थिएटरची सगळ्यात वरची, स्वस्तातली गॅलरी गाठायची. जिने चढता चढता धाप लागे, बाकांना पाठ नव्हती, आणि तिथून नटांची टाळकीच जास्त दिसत. पण ॲलेरिक वेनरचं टाळकंसुद्धा तिला इतरांच्या तोंडापेक्षा बोलकं वाटे. रविवारी चर्चहून आली की ती त्याला पत्र लिहायला बसे. आधी पोटभर कौतुक, मग सल्ला. चिलखताखाली उबदार फ्लॅनेल घालत जा. रंगमंचावर मेल्यावर गार वाऱ्याच्या झोतात पडून राहू नका. त्या राखाडी टोपात तुम्ही आमच्या पाद्रीबुवांसारखे दिसता. खाली सही, ‘गॅलरीतून, के. पी.’ पत्ता ती देत नसे. लग्न झालेल्या बाईने नटाच्या उत्तराची वाट बघत बसणं तिला शोभेसं वाटत नव्हतं.

नवरा एफ्राइम भाड्याच्या घोडागाड्यांच्या तबेल्यात कामाला होता. शनिवारी तोही तिच्यामागून मुकाट्याने जिने चढे, पण पत्रांवरून चिडवायची संधी सोडत नसे.

“अगं, तुझ्या पत्रांनी तो पाइप पेटवत असेल.”

“वाचतो तो,” केझाया म्हणे. पुरावा मात्र तिच्याकडे काही नव्हता. आत फ्लॅनेल आहे की नाही, ते गॅलरीतून कसं दिसणार?

त्या हिवाळ्यात वेनर एका म्हाताऱ्या ड्यूकचं काम करत होता. शेवटी विषाचा पेला हातात घेऊन, घराबाहेर काढलेल्या मुलीकडे बघत तो नुसता उभा राही. इतका वेळ, की लोकांचं संत्री सोलणं थांबे. मग हलकेच म्हणे, “मला माफ कर, पोरी.” केझाया त्या वाक्यासाठी दोन रुमाल नेत असे.

एका शनिवारी नेमका त्या शांततेत मागच्या बाकावरून कुणी टवाळ ओरडला, “अरे, म्हाताऱ्याला वाक्य सांगा कुणीतरी.” अख्खी गॅलरी हसली. केझायाच्या अंगाचा तिळपापड झाला. वेनरला कुणी हसलेलं तिला खपत नसे. दुसऱ्या दिवशी तिने लिहून टाकलं, की इतकं थांबू नका, पटकन बोलून मोकळे व्हा, शेवटची घोड्यांची बस चुकेल म्हणून लोक चुळबुळतात.

पुढच्या शनिवारी ड्यूकने पेला उचलला, माफी मागितली आणि तो मेला. सगळं एका दमात. कुणी हसलं नाही, पण कुणी रडलंही नाही. केझायाचे दोन्ही रुमाल कोरडे राहिले.

“वाचतो की गं तो,” एफ्राइम जिना उतरताना म्हणाला. “हरलो मी.”

इतक्या वर्षांचं भांडण जिंकूनही तिला घास गोड लागेना. सोन्यासारख्या कामाची आपण माती केली, हे तिला आतून खात होतं. दुरुस्ती कळवायला बसली तर लेखणी चालेना. आता आणखी काही लिहिलं आणि त्याने तेही ऐकलं तर? त्यातच भिंतीवर जाहिरात लागली, की ड्यूकचा शेवटचा प्रयोग येत्या शनिवारी. म्हणजे हा बिचारा ड्यूक आता कायमचा घाईघाईत मरणार होता, आणि तोही तिच्यामुळे.

शेवटच्या प्रयोगाला वेनरने पेला उचलला. वाक्य म्हणायला तोंड उघडलं. आणि केझाया, जी चर्चमध्ये कधी मोठ्याने खोकलीसुद्धा नव्हती, बाकावरून उठून उभी राहिली.

“सावकाश, मिस्टर वेनर. आम्हाला घाई नाही.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं, त्याला शेजाऱ्यांनीच गप्प केलं. वेनरचं तोंड मिटलं. तो पेला धरून मुलीकडे बघत राहिला, बघतच राहिला. खाली भारी खुर्च्यांवरचे लोकसुद्धा हलले नाहीत. मग ते वाक्य आलं, आणि गॅलरीत बायांनी पदर नाही तरी शालींची टोकं डोळ्यांना लावली.

पडदा पडल्यावर रिवाजाप्रमाणे वेनर पडद्यापुढे आला. त्याने सगळ्यांचे आभार मानले, आणि मग मान वर करून म्हणाला, “के. पी. बाई, आता बरोबर झालं का?”

पानंच्या पानं लिहिणाऱ्या केझायाने नुसतं रुमालात तोंड खुपसलं. शेवटी एफ्राइमच कठड्यावरून वाकला.

“बोलायच्या स्थितीत नाही ती, साहेब,” तो म्हणाला. “दोन्ही रुमाल भिजलेत.”

शेवटची बस केव्हाच गेली होती. दोघं घरापर्यंत चालत गेली.