आधी काय गेलं ते सांग

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत एक जुना कॉम्प्युटर आला. ताईने तो घेतला होता, ऑफिसच्या कामाचा सराव व्हावा म्हणून. सराव जेमतेम आठवडाभर झाला. मग मी नौपाड्यातल्या एका दुकानातून एक सीडी आणली आणि आम्ही दोघं भावंडं प्राचीन काळात राहायला गेलो.

नदीच्या खोऱ्यात वस्ती वसवायची, विहिरी खणायच्या, धान्याची कोठारं बांधायची, तट उभारायचे आणि शेजारच्या राजांपासून हे सगळं राखायचं, असा तो खेळ. एक मोहीम महिनोन्‌महिने चाले. ताई सकाळी ऑफिसआधी अर्धा तास खेळायची, मी कॉलेजातून आल्यावर. जेवताना एकमेकांना वृत्तांत द्यायचा. मी आपला नेहमी जिंकलेल्या गावापासून सुरुवात करायचो. ती घास हातात धरून मला थांबवायची.

"आधी काय गेलं ते सांग. मिळालेलं काय, मला दिसेलच."

हा नियम तिचा. हरलेली लढाई सांगताना माझा जीव जायचा, पण सांगून झाल्यावर ती कधी ओरडायची नाही. गालाला हात लावून विचार करायची आणि उद्या काय करायचं ते ठरवायची.

मग तिचं लग्न होऊन ती टिटवाळ्याला गेली. कॉम्प्युटर माझ्यासाठी ठेवून गेली. सासरी फोन हॉलमध्ये होता, सासूबाईंच्या खुर्चीला लागून. रविवारी सकाळी ती फोन करायची. आईशी बोलणं म्हणजे हो, नाही, बरी आहे, एवढंच. मग मला बोलवायची आणि तिचा आवाज बदलायचा.

"नदीकाठचं काय रे?"

नदीकाठ म्हणजे नदीच्या वळणावर तिने स्वतः वसवलेलं पहिलं शहर. त्या हॉलमध्ये चारचौघांदेखत मोकळेपणाने बोलता येईल असा तिच्याकडे तो एकच विषय उरला होता, हे समजण्याइतकी अक्कल मला होती. म्हणून मी खरं ते सांगायचो. किती माणसं मेली, कुठलं कोठार जळालं, सगळं. एकदा ती हळूच म्हणाली, "तू आहेस म्हणून बरंय. बाकी सगळे मला गोड गोड सांगतात." मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

काही महिन्यांनी तिला दिवस गेले. आईने घरात फर्मान काढलं, की आता पोरीच्या कानावर वाईट काही घालायचं नाही. शेजारच्या काकू वारल्या, तेसुद्धा तिला कळवलं नाही. काकू गावाला गेल्यात, असं आईने तिला फोनवर ठोकून दिलं.

त्याच श्रावणात नदीकाठ पडलं. चूक सरळसरळ माझी. डोंगरापलीकडच्या तांब्याच्या खाणींची मला हाव सुटली, मी शहरातली फौज तिकडे हलवली, आणि उत्तरेकडच्या टोळ्यांनी येऊन शहर जाळलं. वर सवयीने मी खेळ सेव्ह करून बसलो, त्यामुळे मागे जायची वाटही बंद झाली.

रविवारी फोन आला. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण स्वयंपाकघराच्या दारातून आई डोळे वटारून बघत होती. तिला वाटत होतं, मी काकूंचं सांगून टाकीन.

"नदीकाठ मजेत आहे," मी म्हणालो.

आईच्या फर्मानाचा तेव्हा केवढा आधार वाटला! खरं म्हणजे मला ताईला तोंड दाखवायची लाज वाटत होती, बाकी काही नाही.

पुढचे चार महिने मी दर रविवारी थापा मारल्या आणि उरलेल्या दिवसांत त्याच जागी तसंच शहर बांधलं. तेच नाव, त्याच विहिरी, टेकडीवर तेच देऊळ. अभ्यास इतक्या मन लावून केला असता तर आईवडलांनी पेढे वाटले असते.

सातव्या महिन्यात ताई बाळंतपणासाठी घरी आली. चेहरा उतरलेला, हाताच्या बांगड्या सैल झालेल्या. चहा झाला, आई भाजी आणायला गेली, तशी ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली.

"आधी तुझं दाखव," ती म्हणाली. "मग मला तुला काहीतरी सांगायचंय. आईला नाही सांगायचं."

तिने नदीकाठ उघडलं. विहिरी बघितल्या, देऊळ बघितलं, जरा हसलीसुद्धा. मग तिचं बोट स्क्रीनवर थांबलं. शहराच्या नावाखाली ते वसवल्याचं वर्ष बारीक अक्षरात यायचं. ते मला बदलता आलेलं नव्हतं.

"कधी पडलं?"

"श्रावणात."

"तेव्हापासून दर रविवारी विचारतेय मी तुला."

"आई म्हणालेली, या दिवसांत तुला वाईट काही..."

"म्हणजे तूपण," ती म्हणाली. रागावली असती तर मला परवडलं असतं. तिने नुसता खेळ बंद केला आणि पदर सारखा करून उठली.

"ताई, तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही रे. चांगले आहेत सगळे तिकडे."

मी आणखी दोनदा विचारलं. तिने विषय बदलला, आणि खोटं सांगायचं नाही गं, असं तिला म्हणायला मला तोंड नव्हतं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती टिटवाळ्याला परत गेली.

तीन वर्षांनी एका दुपारी ती मुलीला कडेवर घेऊन, दोन बॅगा घेऊन कायमची आली. आईशेजारी जमिनीवर बसून तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यातलं बरंचसं त्या पहिल्या वर्षातलंच होतं. मी दारात उभा होतो. आई रडत तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"अगं, तेव्हाच कुणाशी तरी बोलायचंस ना!"

"बोलणार होते," ताई म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.